कंट्रोलरचा डबा

“निळ्या लुगड्यातल्या मावशी, ती गाडी जतची हाय. तुमाला विट्याला जायचंय. उतरा खाली. आधी पोराला उतरवा, मग गठुडं.”

स्टँडवरच्या कर्ण्यातून असा आवाज आला की आई भाकरी थापता थापता हसायची. “बसली असंल बिचारी खिडकीपाशी जागा धरून,” म्हणायची. आमचं घर एसटी स्टँडच्या मागच्या भिंतीला लागून होतं आणि कर्णा बरोबर आमच्या माजघराच्या खिडकीकडं तोंड करून लावलेला होता. त्यातून बोलणारे वामनराव खटावकर, म्हणजे माझे अण्णा, त्या स्टँडचे कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली रद्द झाली, हे सांगणं त्यांचं काम. बाकी जे सांगायचे ते पदरचं.

पदरचं पुष्कळ असायचं. कुणी फलाटावर थुंकलं, तर सदऱ्याचा रंग सांगून ते त्याची लाज काढत. शाळेची पोरं गाडीच्या टपावर चढली, तर एकेकाला बापाच्या नावानिशी खाली उतरवत. बोलून झालं की माइकचं बटण बंद करायचं असतं, ते हमखास विसरत. मग एखाद्या कंडक्टरला आत बोलावून जी हजेरी घेत, ती अख्ख्या गावाला ऐकू जाई. ही हजेरी बहुतेक वेळा मुलाणी कंडक्टरच्या वाट्याला यायची, कारण तो हसत ऐकून घ्यायचा. याबद्दल वरून एकदा लेखी समज आली होती. अण्णांनी ती मोठ्यानं वाचली, तीही बटण चालू ठेवून.

घरीही तसेच. आमटीत मीठ कमी पडलं की छपराचे पत्रे हलतील असा आवाज. पण थोड्या वेळानं सगळं विसरून तेच आईला विचारत, “एवढी गप का गं तू?” त्यांनी आमच्यावर हात कधी उगारला नाही. नुसता आवाज. तरी आई त्या आवाजाला कंटाळली होती. “एवढं एक सोडलं तर ह्या माणसात खोट न्हाई,” असं ती माझ्याजवळ आणि देवाजवळ सारखं बोलायची.

भांडण होऊन अण्णा न जेवता ड्युटीवर गेले, की दुपारी खरी गंमत व्हायची. कर्णा खरखरायचा. “प्रवाशांना सूचना. कंट्रोलरचा डबा अजून आलेला न्हाई. कुणाकडं असंल त्यानं चौकशीच्या खिडकीवर आणून द्यावा. संगं ठेचा असावा.” सगळा स्टँड हसायचा. आई तोंडाला पदर लावायची, “लाज म्हणून न्हाई ह्या माणसाला,” म्हणायची आणि डबा भरायला घ्यायची. कर्ण्यातून अशी हाक मारून अण्णा आईची माफी मागायचे. मी एकुलती एक, मॅट्रिक होऊन घरी बसलेली. डबा पोचवायचं काम माझ्याकडं होतं, आणि तो देताना अण्णा हळूच विचारत, “हसली का गं?”

एक दिवस ते एका ड्रायव्हरवर ओरडत होते. त्यानं एका म्हाताऱ्याला खाली सोडून गाडी काढली होती. बटण चालूच होतं. ओरडता ओरडता आवाज मध्येच तुटला. आईनं परातीतून हात काढला आणि तशीच पिठाच्या हातांनी स्टँडवर पळाली. अण्णा खुर्चीत मान मागं टाकून बसले होते आणि नाकातून रक्त येऊन सदरा भिजला होता. मुलाणी त्यांच्या डोक्यावर पाणी ओतत होता.

डॉक्टर कुलथ्यांनी दंडाला पट्टा बांधून फुगवला, पारा बघितला, आणि विश्वास न बसल्यासारखा पुन्हा फुगवला. “खटावकर, हा दाब घेऊन तुम्ही ओरडत होता? नाकातली शीर फुटली म्हणून वाचलात. डोक्यातली फुटली असती तर?”

मग त्यांनी गोळी लिहून दिली. “आपल्या सर्पगंधेच्या मुळीपासून काढलेली आहे. पूर्वी बिथरलेल्या माणसाला शांत करायला ही मुळी द्यायचे. नसांवर काम करते. जेवण अळणी. आणि राग बंद.”

“राग काय गोळीनं बंद हुतो व्हय?” अण्णा म्हणाले.

“होईल,” डॉक्टर म्हणाले.

मुळीचं म्हटल्यावर आईचा जीव भांड्यात पडला. मुळीचं औषध, म्हणजे बाधायची भीती नाही. रोज सकाळी गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन ती अण्णांसमोर उभी राहायची आणि गिळली की नाही हे तोंड उघडायला लावून बघायची. अण्णांचं जेवण अळणी झालं त्या दिवसापासून तिनं स्वतःच्या ताटातलं मीठही बंद केलं. “त्यांनी अळणी गिळायचं आणि मी मिटक्या मारायच्या, हे कसं जमायचं?” माझ्यापुरती मिठाची वाटी वेगळी असायची.

सुरुवातीला त्या अळणी आमटीवरून अण्णांनी घर डोक्यावर घेतलं. मग आवाज उतरत गेला. डॉक्टरांकडं दर खेपेला पारा खाली आलेला दिसे आणि डॉक्टर मान डोलवत. आईनं गावदेवीची ओटी भरली. शेजारणींना सांगायची, “आमचे हे आता गाईसारखे झाल्यात.” तिच्या चेहऱ्यावर मी इतकी सुटका कधी बघितली नव्हती.

अण्णांचं नाक मात्र चोंदलेलं राहायला लागलं. कर्ण्यातून सर्दीचा आवाज यायचा, आणि ती सर्दी हटता हटेना. मग पदरचं बोलणं कमी झालं. “मिरज गाडी, फलाट तीन.” एवढंच, आणि टक्, बटण बंद. आता ते बटण एकदाही चालू राहत नव्हतं. पोरं टपावर चढायची, लोक थुंकायचे, कुणाला काही ऐकू यायचं नाही. एकदा मी डबा घेऊन गेले तेव्हा मुलाणी मला म्हणाला, “शालन, साहेबांस्नी काय झालंय का? मी आज मुद्दाम उशिरा आलो. मला काय बोललंच न्हाईत.”

त्याच्यासारखंच आईनंही एक दिवस करून बघितलं. अण्णांच्या वाटीत तिनं नुसतं डाळीचं पाणी वाढलं. तिखट नाही, हळद नाही, फोडणी नाही. आणि दाराआड उभी राहून मला खूण केली, की आता बघ. अण्णा भाकरी कुस्करून जेवले, वाटी पालथी घालावी इतकी रिकामी केली आणि हात धुवायला उठले.

“कशी झाली आमटी?” आईनं विचारलं.

“बरी हाय.”

ते बाहेर गेले. आई मात्र तिथंच उभी राहिली. “शालन,” ती म्हणाली, “ह्यांचं कायतरी हरवलंय गं.”

ती स्वतः कुलथ्यांकडं गेली. मी सोबत होते. “वरडत न्हाईत,” ती म्हणाली. डॉक्टर मोठ्यानं हसले. “बाई, नवरा ओरडत नाही म्हणून तक्रार घेऊन आलेली तुम्ही पहिलीच. दाब कसा छान राहिलाय बघा. माणूस वयानं शांत होतो.” त्यात त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. पारा जे दाखवत होता ते खरंच होतं. आई पदर सावरून उठली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गोळी घेऊन अण्णांसमोर उभी राहिली. मला तिचं आजही नवल वाटत नाही. नवऱ्याचा जीव आणि नवऱ्याचा आवाज यांतलं एकच मिळणार असेल, तर ती जीवच मागणार.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत तिचंच पोट दुखायला लागलं. मिरजेला दाखवलं तर आत गाठ निघाली, आणि तीही पसरलेली. परत घरी घेऊन जा म्हणाले. घरी आल्यावर तिनं एकच गोष्ट मागितली, खाट खिडकीपाशी लावायची. कर्ण्यातलं ऐकू येईल अशी.

अण्णा तिचं सगळं करायचे. उठून बसवायचे, पाणी पाजायचे, ड्युटीवर जाताना डोक्यावर हात ठेवून जायचे. कुठं कमी पडले असं कुणी म्हणणार नाही. पण सगळं करायचे ते दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून आल्यासारखं.

एकदा दुपारी मी डबा भरून निघाले, तर आईनं हात वर करून थांबवलं. “जाऊ नको एवढ्यात.”

“का गं? त्यांची जेवायची वेळ झाली.”

“म्हणूनच. त्यांना हाक मारू दे.”

मला उशिरानं कळलं. मी डबा खाली ठेवला आणि तिच्या पायाशी बसले. कर्ण्यातून मिरज झाली, विटा झाली, म्हसवडची गाडी रद्द झाल्याचं सांगून झालं. दर वेळी कर्णा खरखरला की आई डोळे उघडायची आणि टक् झालं की मिटायची. उन्हं भिंतीवरून खाली आली. शाळा सुटली. मला राहवेना. “आई, ते उपाशी असतील.”

“अजून एक गाडी बघू,” ती म्हणाली.

ती गाडीही गेली. मग तीच म्हणाली, “जा बाई. घेऊन जा.”

मी स्टँडवर गेले तर अण्णा टेबलावर दोन्ही हात ठेवून बसले होते. “डबा यायला उशीर झाला, अण्णा. हाक का मारली न्हाईसा?” मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

त्यांनी डब्याकडं बघितलं. “यायचा हुता व्हय?” म्हणाले. “ध्यानातच आलं न्हाई. भूकबी न्हवती.”

घरी आले तेव्हा आई भिंतीकडं तोंड करून झोपली होती. 

शेवटच्या आठवड्यात तिनं स्वतःच तोंड उघडलं. अण्णा सकाळी तिच्या खाटेवर बसले होते आणि तिचा हात त्यांच्या हातात होता. मी चुलीपाशी होते.

“अहो,” ती म्हणाली, “एकदा माझ्यावर वरडा की.”

“कशाला?”

“असंच. पैल्यासारखं. मीठ न्हाई म्हणून वरडा, डबा न्हाई म्हणून वरडा. काय बी चालंल.”

 अण्णांनी खरंच प्रयत्न केला. मान ताठ केली, छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं. मी हातातलं उलथनं तसंच धरून थांबले. मग तो श्वास त्यांनी हळूच सोडून दिला.

“काय म्हणून वरडू?” ते म्हणाले. “तुझं काय चुकलंच न्हाई.”

आई हसली. “बरं ऱ्हाऊ दे,” म्हणाली आणि त्यांच्या हातावर थोपटलं, जणू त्यांनाच बरं नव्हतं. अण्णा बाहेर आले, चुलीपाशी माझ्याजवळ उकिडवे बसले आणि छातीवर बोट ठेवून म्हणाले, “शालन, मला कळतंय समदं. पण हितं कायच येत न्हाई.”

ती गेली त्या दिवशी सगळा स्टँड आमच्या दारात होता. ड्रायव्हर, कंडक्टर, हमाल, रसवंतीवाला, सगळे. मुलाणी भिंतीला डोकं टेकून रडत होता. अण्णांनी बांबूची व्यवस्था बघितली, पाहुण्यांना सावलीत बसायला सांगितलं, म्हाताऱ्या मंडळींना पाणी दिलं. त्यांच्या डोळ्यांत थेंब नव्हता. लोक त्यांच्याकडं चोरून बघत होते. आईचा भाऊ, दत्तूमामा, मात्र चोरून काही करणारा नव्हता. स्मशानातून परत आल्यावर ओसरीवर सगळ्यांदेखत म्हणाला, “माझ्या भैणीनं ह्या माणसापायी मीठ सोडलं. आन् ह्याच्या डोळ्यांत मिठाचं पाणी न्हाई. दगूड हाय दगूड.”

अण्णांनी ऐकलं. “खरं हाय, दत्तू,” एवढंच म्हणाले. दिवस झाल्यावर ते ड्युटीवर गेले. मिरज गाडी, फलाट तीन. टक्.

मामानं पुन्हा आमच्या घरी पाऊल टाकलं नाही. मी अण्णांचा स्वयंपाक अळणीच करत राहिले आणि सकाळची गोळी मी द्यायला लागले. आईनं जाताना ते काम माझ्यावर सोपवलं होतं. अण्णा पहाटेच उठून खाटेवर बसलेले असायचे, आईच्या खाटेवर. विचारलं तर म्हणायचे, वाईट स्वप्नं पडत्यात. कसली ते सांगायचे नाहीत.

एक दिवस मुलाणी त्यांना दंडाला धरून घरी घेऊन आला. अण्णांना बसवून त्यानं मला अंगणात बोलावलं. 

“गाडी मागं येत हुती,” तो म्हणाला. “मी शिट्टी मारतोय, समदी वरडाया लागल्यात. साहेब मागंच उभं. पाय हलवला न्हाई, शालन. वळून गाडीकडं बघितलं, आन् तसंच उभं. मी वढलं म्हणून.”

मी आत जाऊन विचारलं, “अण्णा, बाजूला का सरला न्हाईसा?”

“सरायचं हुतं,” ते म्हणाले. “पण सरून काय करायचं, ते आठवंना.”

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना मिरजेला घेऊन गेले. बाहेरगावाहून शिकून आलेली एक तरुण डॉक्टरीण होती, माझ्याहून फार मोठी नसेल. तिनं दाब बघितला, नाडी बघितली आणि मग पुड्यातली गोळी मागितली. ती हातात घेऊन तिनं अण्णांना विचारलं, “नाक चोंदतं?”

“सारखं.”

“वाईट स्वप्नं?”

अण्णांनी मान हलवली.

“शेवटचं कधी रडलात?”

अण्णा आठवत राहिले. मीच म्हणाले, “माझी आई वारली, तेव्हासुद्धा...”  डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

“ही गोळी चांगली आहे,” त्या म्हणाल्या. “दाब हमखास उतरवते. पण कसा उतरवते ते सांगते. आपल्या नसांच्या टोकांना एक रस साठवलेला असतो. मेंदूचा निरोप आला की तो सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि दाब चढतो. ही गोळी त्या रसाचा साठाच रिकामा करून टाकते. निरोप येतो, पण सोडायला काही उरलेलं नसतं. रक्तवाहिन्या सैल पडतात.”

“मग बिघडलं कुठं?” मी विचारलं.

“तसलाच साठा डोक्यातही असतो. हसायला, चिडायला, रडायला तो लागतो. सगळ्यांचं नाही होत, पण काही माणसांचा तोही रिकामा होतो.”

अण्णा खाली बघत ऐकत होते. “म्हंजे गाडी फलाटाला लागती,” ते सावकाश म्हणाले, “येळंवर सुटती, पण आत पाशिंजरच न्हाई.”

“तसंच.”

“ही रोज हातानं द्यायची मला गोळी,” ते म्हणाले. कोण ही, हे डॉक्टरीणबाईंना कळलं असावं. “हे तिला कळलं न्हाई, ते एक बरं झालं.”

मला तिथं बसवेना. मी बाहेर जाऊन व्हरांड्यातल्या बाकावर तोंडात पदर कोंबून रडले. रोज समोर उभं राहून, तोंड उघडायला लावून! आईनं ज्याच्यासाठी जीव टाकला, तेच तिनं आपल्या हातानं थोडं थोडं पुसलं होतं. आणि आई गेल्यावर उरलेलं मी पुसलं होतं.

मी आत आले तेव्हा नवी गोळी लिहून झाली होती. जास्तीचं पाणी लघवीवाटे काढून टाकणारी, नसांच्या वाटेला न जाणारी. “जुनी आजपासून बंद,” डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या. “पण साठा एका दिवसात भरत नाही, आठवडे लागतील. तोवर त्यांना एकटं सोडू नका. आणि भरला की त्यांच्या जवळ राहा.”

मी मुलाणीला सगळं सांगितलं. स्टँडवर तो अण्णांच्या मागं सावलीसारखा राहायला लागला. घरात मी. बरेच दिवस काहीच झालं नाही. मग एकदा त्यांचं नाक मोकळं झालं आणि कर्ण्यातला आवाज स्वच्छ आला. एकदा रस्त्यावरच्या कुत्र्याला त्यांनी हाड केलं. एकदा दाढी करता करता गुणगुणले आणि मला बघून थांबले. मी रोज त्यांच्या तोंडाकडं बघायचे, जसं आभाळाकडं बघतात.

त्या दिवशी मला डब्याला उशीर झाला. मुद्दाम नाही. लाकडं ओली होती आणि चूल पेटत नव्हती. कर्णा खरखरला.

“टपावरची पोरं. खाली उतरा. भगवान शिंद्याचा धाकटा, तुलाच म्हणतोय. तुझ्या बापालाबी मीच उतरवलं हुतं.”

मी फुंकणी टाकून खिडकीपाशी गेले. स्टँडवर कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. मला वाटलं, आई, ऐक. मीही हसत होते, आणि हसता हसता पुढचं ऐकलं.

“प्रवाशांना सूचना. कंट्रोलरचा डबा अजून आलेला न्हाई. कुणाकडं असंल तिनं...”

आवाज थांबला. टक् झालं नाही. कर्ण्यातून नुसता श्वास ऐकू येत होता. मग तो श्वास आत ओढला गेला आणि त्याच्यामागून जे आलं, तसं मी माणसाच्या गळ्यातून कधी ऐकलं नव्हतं. सगळ्या गावानं ते ऐकलं. बटण बंद करायचं त्यांना सुचलं नाही.

जे काय शिजलं होतं ते डब्यात भरून मी पळाले. फलाटांवर गाड्या इंजिनं बंद करून उभ्या होत्या. लोक चौकशीच्या खिडकीपासून लांब, गप उभे होते. मुलाणी दारात होता, त्यानं मला वाट दिली. अण्णा टेबलावर डोकं टेकून रडत होते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर केली. एवढे म्हातारे ते मला आदल्या दिवशीही दिसले नव्हते.

“शालन,” ते म्हणाले, “ती गेली तवा मी रडलो हुतो का गं?”

“रडलासा की, अण्णा.”

“खरं सांग.”

“लई रडलासा.”

माइक चालूच होता. माझं बोलणं कर्ण्यातून सगळ्या स्टँडवर गेलं. बाहेर जे उभे होते, ते सगळे आई गेली त्या दिवशी आमच्या दारात आलेले होते. सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी बघितलं होतं. अण्णांनी खिडकीतून त्यांच्याकडं बघितलं. कुणी मान खाली घातली नाही.

“आमी हुतो की, साहेब,” मुलाणी दारातून म्हणाला. “तुमास्नी आवरता आवरत न्हवतं.”

“व्हय,” खिडकीबाहेरून एक ड्रायव्हर म्हणाला.

अण्णांनी बाहीनं तोंड पुसलं. डबा पुढं ओढला आणि उघडला.  एक घास खाल्ला, चावला, आणि थांबले. त्यांची मान ताठ झाली. छाती भरून श्वास घेतला.

“अगं ए,” ते ओरडले, “मीठ कुठाय ह्यात?”

पत्रे हलतील असा आवाज. तो कर्ण्यातून भिंतीपलीकडं आमच्या घरात गेला. येताना मी माजघराची खिडकी उघडीच टाकली होती. आईची खाट अजून तिथंच होती.